शेपटीवरचे दात

दाखव रे तो डबा. अरे, फक्त हातात घेतोय, खात नाहीये. हं... दलदल्या. नव्यानं काढलेला. तेच कार्ड, तेच हिरवं अंग, वर तोच पारदर्शक प्लास्टिकचा फुगा. आमच्या लहानपणी हा राक्षस पोरं विकत घ्यायची आणि संध्याकाळपर्यंत त्याचा एक पाय तोडून बसायची. आता टक्कल पडलेले बाप्ये घेतात आणि फोडतसुद्धा नाहीत. फोडला की मजा गेली म्हणे! आणि तू तर अजून तिशीचाही नाहीस. तुला कसली रे याची आठवण येते? दुसऱ्याच्या लहानपणाची आठवण काढतोस, कमाल आहे तुझी.

रागावू नकोस, चिडवतोय. बस इथे. आणि तू गं भाचीबाई, तो मोबाईल उलटा ठेव. मघाशी विचारत होतीस ना, "मामा, तुम्ही खेळण्यांच्या कारखान्यात होतात ते खरं का?" खरं आहे. एकतीस वर्षं होतो. या हिरव्या प्राण्याची पहिली नवी खेप आमच्याच कारखान्यातून निघाली, आणि त्या रात्री मशीनवर मीच उभा होतो. पण जे झालं ते माझ्याबाबतीत नाही झालं. कानसच्या बाबतीत झालं. मी नुसता बघत होतो, आणि बघणाऱ्यालाही ते पुरेसं होतं.

कानस म्हणजे आमचा फिटर. खिशात कायम लोखंड घासायची एक छोटी कानस असायची, म्हणून ते नाव पडलं. खरं नाव फक्त हजेरीच्या वेळी ऐकू यायचं. त्याचं काम साचे घासायचं. साचा म्हणजे पोलादाचे दोन ठोकळे. त्यात खेळण्याचा आकार उलटा कोरलेला असतो. वितळलेलं प्लास्टिक आत दाबायचं, गार झालं की साचा उघडतो आणि खेळणं खाली पडतं. साच्यावर केसाएवढा ओरखडा राहिला तरी तो प्रत्येक खेळण्यावर उमटणार. कानस तो केसही राहू द्यायचा नाही. माणूस सरळ आणि कमी बोलणारा, पण हात कधी गप्प बसायचे नाहीत. चहा प्यायला बसला तरी टेबलाची खडबडीत कड अंगठ्यानं चोळत राहायचा. एकदा माझ्या चष्म्याची दांडी घासून दिली त्यानं, मी सांगितलंही नव्हतं.

आणि त्याला हा तुझाच नाद. लग्न केलं नव्हतं, घरात भिंतभर कपाट आणि कपाटभर राक्षस. जुने एका बाजूला, नवे एका बाजूला. जुन्याच्या पायाखाली साल कोरलेलं असतं, नव्याच्या सालाशेजारी एक बारीक अक्षर असतं, जुन्या रबराला वास उग्र, नव्याला गोडसर. हे तो डोळे मिटून सांगायचा. सगळे सीलबंद. एकच उघडा होता, तो कपाटात नव्हता. तो खणात, एका पत्र्याच्या डब्यात होता. जुना दलदल्या.

त्याची गोष्ट मला त्यानं एकदाच सांगितली, तीही पाळी बदलताना, कारखान्यातल्या कपाटाला कुलूप लावता लावता. कानस दहा वर्षांचा असताना त्याला धाकटी बहीण होती, सहा वर्षांची. घरात तिला सगळे धाकटीच म्हणायचे. हा आपले राक्षस मांडून बसला की ती हळूच दलदल्या पळवायची आणि पलंगाखाली पडून त्याची शेपटी चावत बसायची. का, कुणास ठाऊक. पोरांना चावायला लागतं काहीतरी. एक दिवस यानं बघितलं, तर शेपटीवर खोल दात उमटलेले. वर दोन, खाली चार. वरचे पुढचे दोन पडलेले होते ना तिचे. हा असा चिडला की तिच्या हातातून हिसकावून घेतला आणि म्हणाला, "पुन्हा हात लावलास तर याद राख. तुला काहीच देणार नाही मी. कधीच." त्या रात्री तिला ताप आला. आठव्या दिवशी ती गेली.

आईनं तिचे कपडे देऊन टाकले. फोटो एकच होता, घरातल्या सगळ्यांचा, त्यात हिनं नेमकी मान वळवलेली. म्हणजे त्या पोरीचं या जगात काय उरलं? शेपटीवरचे सहा खड्डे. बस. कानस म्हणाला, "मी रडलो नाही रे. तेव्हाही नाही, नंतरही नाही. आतून काही येतच नाही." आणि कुलूप ओढून बघून गेला घरी.

तर मुद्द्यावर येतो. एका नव्या कंपनीनं हा दलदल्याही नव्यानं काढायचा ठरवला आणि काम आमच्याकडे आलं. मूळ साचे केव्हाच भंगारात गेलेले. मग नमुना पाहिजे, मूळ खेळणं, त्यावरून मापं घ्यायची. आता सीलबंद माल फोडून द्यायला कुठला शौकीन तयार होणार? साहेबांना कुणीतरी सांगितलं, कानसकडे उघडा आहे. गुरुवारी दुपारी साहेब म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत घरी जा आणि तुझा दलदल्या घेऊन ये." एवढंच काम. कानस गेला, पाऊण तासात रुमालात गुंडाळून घेऊन आला.

मी विचारलं, "देतोयस?"

"आठ दिवसांचं काम आहे. परत मिळेल."

"आणि दात?"

"मापं घेणाऱ्याला सांगेन, ती जागा सोडून घे म्हणून."

नमुना मापाला पाठवायच्या आधी साफ करायचा असतो. धूळ काढायची, झिजलेल्या कडा नीट करायच्या, खड्डे पुट्टीनं भरून, घासून गुळगुळीत करायचे. ते काम कुणाचं? त्याचंच. संध्याकाळी मी चहा घेऊन त्याच्या टेबलाशी गेलो. तो नुसता बसला होता. दिव्याखाली दलदल्या. हातात पॉलिश पेपर.

"भरले मी," तो म्हणाला.

"काय भरलंस?"

"दात."

मी खाली वाकून बघितलं. शेपटी नव्या बाळाच्या पाठीसारखी गुळगुळीत होती.

"अरे, कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणी नाही. खड्डा दिसला. हात गेले. घासून झाल्यावर कळलं."

मला हसावं की रडावं कळेना. तीस वर्षं खड्डे भरणारा माणूस, त्याच्या हातांना काय ठाऊक कुठला खड्डा कुणाचा? ती पुट्टी दगडासारखी धरते, उकरायला गेलं की रबर सोबत निघतं. त्यानं टोकदार सुई घेऊन एका जागी प्रयत्न केला होता, तिथे नुसती चीर पडली होती. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो म्हणाला, "काही वाटत नाहीये रे. वाटायला पाहिजे ना?" चहा त्यानं सगळा प्यायला. माझा कप तसाच गार झाला.

साचा तयार होऊन आला. त्यानंच शेवटचा हात मारला. आणि मग पहिली चाचणी. तारीख नोव्हेंबरची अकरा, मंगळवार. रात्रपाळी दहाला लागली, साचा चढवून मशीन तापेपर्यंत सव्वा वाजला. सकाळी आठला गिऱ्हाईक कंपनीची माणसं माल बघायला येणार होती. हॉलमध्ये चार मशीन, तीन बंद. मी आणि कानस दोघंच, पहारेकरी लांब फाटकावर. आमच्या मशीनवर एक ट्यूबलाइट, बाकी अंधार.

पहिले सहा नग उत्तम निघाले. मी एकेक त्याच्या हातात देत होतो, तो फिरवून बघत होता, मान हलवत होता. सातवा मी न बघताच दिला. त्याची मान हलली नाही.

"थांबव," तो म्हणाला.

शेपटीवर खड्डे होते. वर दोन. खाली चार.

आता नीट ऐका. खेळण्यावर खड्डा पडायचा तर साच्यात उंचवटा पाहिजे. त्यानं मशीन थांबवलं, साचा उघडला, बॅटरी मारली आणि अजून कोमटच असलेल्या पोलादावर, शेपटीच्या जागी, बोट फिरवलं. माझंही बोट धरून फिरवलं. आरसा नुसता, उंचवट्याचं नाव नाही. मी म्हटलं, "गरम असताना खालच्या पेटीच्या कडेवर आपटला असेल." तो म्हणाला, "चालू कर." आणि साचा उघडला की खालून स्वतःच्या हातात झेलायला उभा राहिला, हातमोजे घालून.

आठवा त्याच्या तळव्यात पडला. कुठे आपटला नाही, कशाला लागला नाही.

तेच दात.

नववा. तेच. दहावा... मग आम्ही मोजायचं सोडलं.

"मामा, प्लास्टिक आकसलं असेल ना?" आकसतं गं. सगळीकडून सारखं आकसतं. सहा दातांएवढंच आकसत नाही.

खराब नग दळायचे असा नियम. ग्राइंडरमध्ये टाकायचे, चुरा होतो, तो चुरा परत मशीनमध्ये. पेटी भरली तशी कानसनं उचलली. मी म्हटलं, "एक तरी ठेव. अरे, हे दात तिचेच आहेत. तू भरलेस, ते परत आलेत." त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. राग नाही, भीती नाही. म्हणाला, "सकाळी माल बघायला येतायत," आणि एकेक नग पात्यांत सोडायला लागला. असा रबरासारखा मऊ माल दळताना घरघर होते, पण मधेच एक बारीक आवाज यायचा. मी दाराकडे बघत राहिलो. मला रडू येत होतं, खोटं का सांगू. त्याला येत नव्हतं.

चुरा परत मशीनमध्ये गेला. नवे नग पडले.

दात आता खोल होते.

पुन्हा दळले. पुन्हा काढले. आता शेपटीवर एका ठिकाणी नाही. टोकाला... मध्ये... बुडाशी. पुन्हा दळले. मग जे पडले, त्यांच्या शेपट्या लांबलेल्या होत्या. ओढल्यासारख्या. दोन बाजूंनी कुणीतरी धरून ओढल्यासारख्या. मी म्हटलं, "कानस, बास." त्यानं ऐकलं नाही. तो दळत होता. त्याचे हात चालूच होते.

पावणेतीन वाजले होते. भिंतीवरच्या घड्याळात बघितलं मी.

ग्राइंडर आपोआप बंद पडला.

मग मशीनही.

ट्यूबलाइट चालू होती. म्हणजे वीज होती.

साचा मिटलेला. आत काही नाही. प्लास्टिक सोडलंच नव्हतं.

शांत...

आणि आवाज आला.

साच्याच्या आतून.

ओला. हळू. लहान मूल तोंडात काहीतरी धरून बसतं ना... तसा. थांबायचा. पुन्हा सुरू व्हायचा.

मी मागे सरलो. पाठ दुसऱ्या मशीनला लागली. थंड होती. कानस तिथेच उभा. साच्यापासून वीतभर. साचा आता तापलेला, हात लावला तर चामडी सोलवटेल इतका. त्यानं तोंड जवळ नेलं...



मग म्हणाला, "घे."

आवाज थांबला.

"घे गं. तुझाच आहे. मी काही बोलणार नाही."

काही नाही...

"चाव हवं तेवढं."

कुठेतरी तापलेलं लोखंड गार होताना कडकन वाजलं. बाकी काही नाही. कानसनं बटण दाबलं. साचा उघडला.

आत एक नग होता. आम्ही न काढलेला. शेपटीवर दात, पहिल्यासारखे, वर दोन, खाली चार. नग गार होता. त्या तापलेल्या पोलादात गार. आणि ओला.

कानसनं तो रुमालानं न पुसता खिशात घातला. मग मला म्हणाला, "चालव." मी चालवलं. त्यानंतर उजाडेपर्यंत जेवढे नग निघाले, सगळे गुळगुळीत. तो प्रत्येक शेपटी बघत होता. आठला माणसं आली, माल बघितला, खूश होऊन गेली.

पाळी सुटल्यावर घरी जायच्या ऐवजी तो पॅकिंगमध्ये गेला. एक कार्ड घेतलं, खिशातला नग त्यावर ठेवला, वर फुगा ठेवला आणि मशीनखाली स्वतः सील केला. मी म्हटलं, "मघाशीच तिला 'घे' म्हणालास ना? आणि बंद करतोस?"

"मोकळा ठेवला तर माझे हात पुन्हा काहीतरी करतील," तो म्हणाला.

खरंच होतं ते.

पुढे वर्षभरात दोघंही निवृत्त झालो. रविवारी संध्याकाळी मी त्याच्याकडे जायचो. काचेच्या कपाटातले बाकी राक्षस त्यानं हळूहळू शौकिनांना देऊन टाकले. रिकाम्या फळीवर तो एकच पुडका उभा. एकदा बोलता बोलता अंधार झाला, दिवा लावायचं कुणाच्या लक्षात नाही. मी सहज फळीकडे बघितलं. फुग्याच्या आतल्या बाजूला वाफ धरली होती. थंडीत काचेजवळ तोंड नेलं की धरते तशी. नाण्याएवढी. मग विरली. मग पुन्हा धरली.

मी बाहेरून बोटानं पुसलं. बाहेर कोरडं होतं.

"रोज?" मी विचारलं.

"अंधार पडला की. सकाळी जाते."

"सील सुटलं असेल, हवा जात असेल..."

"मी केलंय सील," तो म्हणाला. कानसनं केलेलं काम सुटलं असं म्हणायची माझी हिंमत नव्हती.

"भीती वाटत नाही का तुला?"

तो फळीकडे वळून बसला. म्हणाला, "नाही. पण झोप लागते आता. आधी लागायची नाही." त्या रात्रीनंतर स्वतःबद्दल एवढंच बोलला तो.

चार वर्षांपूर्वी झोपेतच गेला. शेजाऱ्यांना त्यानं सांगून ठेवलं होतं, त्यांनी तो पुडका आणून माझ्या हातात दिला. मी रडलो नाही. मलाही काही वाटलं नाही, त्याच्यासारखंच. घरी आणला, आतल्या खोलीतल्या कपाटावर ठेवला आणि जेवून झोपलो.

काय? नाही, फोडला नाही. तूच सांग, फोडू का?

आहे ना. आतच आहे. बघायचंय तर जा, पण दिवा लावू नका, उजेडात काही दिसत नाही. लांबूनच बघा. थोडा वेळ उभं राहावं लागतं. आधी काहीच नसतं. मग वाफ धरते... नाण्याएवढी, लहानशी. तेवढं मला माहीत होतं. तेवढ्याची मला सवय होती.

पण कानस गेल्यापासून ती धरली की तिच्या शेजारी दुसरी धरते. मोठी, पुरुषाच्या श्वासाएवढी. आधी लहान येते... मग मोठी. जाताना दोन्ही एकदम जातात.